खणभागातलं मोकळं घर: विमा दाव्याच्या नोंदी

घर आईच्या नावावर आहे. सांगलीत खणभागातल्या एका बोळात खाली तीन खोल्या, मागं न्हाणी, पुढं चार पावलांचं अंगण. आम्ही विश्रामबागेत राहतो. भाड्याचे महिना साडेसहा हजार येतात, त्यात आईची बीपी-शुगरची औषधं आणि तिचा हातखर्च भागतो. २०१९ च्या महापुरानंतर विमा उतरवायला सुरुवात केली. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दावा पूर्ण होईपर्यंतची प्रत्येक गोष्ट तारखेसह लिहायची असं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. त्याच या नोंदी.

२६ जुलै २०२१, सोमवार

पाणी अजून घरात आहे. काल आयर्विन पुलापाशी पातळी ५५ फुटांच्या आसपास होती. धोक्याची पातळी ४५. दोन वर्षांपूर्वी ५७ च्या वर गेली होती, त्या मानानं कमी, पण आमच्या बोळात शनिवारी सकाळीच पाणी शिरलं. महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडल्यावर खाली दुसरं काय होणार.

कंपनीचा टोल फ्री नंबर तिसऱ्या खेपेला लागला. घर पाण्यात आहे, आत जाता येत नाही, नोंद करून घ्या म्हटलं. क्लेम नंबरचा मेसेज ११ वाजून ४२ मिनिटांनी आला. तो वहीत उतरवला आणि मोबाईलवरून फोटोही काढून ठेवला.

३० जुलै, शुक्रवार

आज घर उघडलं. कुलूप निघालं, पण सागवानी दार फुगून चौकटीत अडकलं होतं. शेजारच्या पोरानं पहारीनं ढकललं तेव्हा एक फळी हलली. आत घोट्याच्या वर गाळ. भिंतीवर पाण्याची रेघ, टेपनं मोजली, जमिनीपासून ४ फूट २ इंच. खाली सगळीकडं नव्या पुट्टीचे पापुद्रे सोलून आलेत. पंधरा दिवसांपूर्वीच त्या भिंतींवरनं हात फिरवून बघितला होता. आतल्या खोलीत पुट्टीच्या सहा पिशव्या दगड झाल्यात, पेंटरचं अंथरूण, चटई, रंगाचे डबे सगळं गाळात. मागची कंपाउंडची भिंत आठ फूट पडली. मीटर पाण्यात गेला, मोटर गेली.

आईला आणलं नाही. फोटो दाखवले. ती एवढंच म्हणाली, "फरशी धुतली की निघंल का रे?"

२ ऑगस्ट, सोमवार

मोठा पेच. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं निघतो, वाळला की खरवडावा लागतो, आणि ओल भिंतीत चढत राहते ती वेगळी. पण नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर आला नाही आणि आपण सगळं धुऊन काढलं, तर नुकसान दिसणार कशात? शेवटी असं केलं. आधी प्रत्येक खोलीचे चारी कोपऱ्यांतून फोटो, टेप भिंतीला लावून रेघेचे फोटो, तारीख-वेळ दिसेल असे. मग पुढच्या दोन खोल्या धुतल्या. आतली खोली जशीच्या तशी ठेवली. पेंटरच्या सामानालाही हात लावला नाही.

४ ऑगस्ट, बुधवार

पंचनाम्याचं पथक आलं. पूरग्रस्त कुटुंबाला १०,००० रुपयांची मदत आहे, ती घरात राहणाऱ्याला. तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, "इथं राहतंय कोण?" म्हटलं, भाडेकरू जूनमध्ये गेले, आम्ही विश्रामबागेत असतो, मदत आम्हाला नको, नुकसानीची नोंद तेवढी करा. त्यांनी लिहिलं: "घर बंद. भाडेकरू नाही." मी सही केली. मदतीपुरतं ते बरोबरच होतं.

५ ऑगस्ट, गुरुवार

सर्व्हेअर आले. माणूस कामाचा. ओलीची उंची, फरशीचा पोकळ आवाज, चौकटींची फूग, सगळं बघितलं. चाळीसेक फोटो काढले. जाताना विचारलं, "घर मोकळं होतं ना?" मी म्हटलं, "हो, मोकळं होतं. १३ जूनला भाडेकरू गेले." त्यांनी लिहून घेतलं.

आतली खोली दुपारनंतर धुतली. पेंटरचं अंथरूण टाकून द्यावं लागलं. भांडी आईकडं नेऊन दिली.

६ ऑगस्ट, शुक्रवार

नुकसानीपासून १५ दिवसांत तपशीलवार दावा लेखी द्यायचा, असं पॉलिसीत आहे. दिला. गिलावा, फरशी, चार दारं, वायरिंग, मोटर, रंगकाम, कंपाउंड मिळून ३,७२,०००. पोच घेतली.

२० ऑगस्ट, शुक्रवार

मिस्त्रीचं आणि सुताराचं अंदाजपत्रक, घरपट्टीची पावती, पंचनाम्याची प्रत दिली. यानंतर एकही कागद मागितला गेला नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

दोन महिन्यांनी एक पानाचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण एकच: इमारत १३ जून ते २४ जुलै अशी ४१ दिवस रिकामी होती, पॉलिसीच्या तिसऱ्या अटीप्रमाणं ३० दिवसांपेक्षा जास्त काळ रिकाम्या राहिलेल्या इमारतीला संरक्षण लागू राहत नाही. आधार म्हणून पंचनाम्यातला शेरा आणि "विमाधारकाच्या मुलाचं निवेदन".

म्हणजे माझंच वाक्य. रात्री जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पॉलिसी पहिल्यांदा पूर्ण वाचली, शब्द-शब्द. आमची पॉलिसी २ डिसेंबर २०२० ची, म्हणजे आगीची आणि विशेष संकटांची जुनी पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही नवी पॉलिसी आली, पण आमची त्याआधीची असल्यामुळं हिला जुन्याच अटी. तिसऱ्या अटीचा अर्थ असा: इमारत अनऑक्युपाइड झाली आणि ३० दिवसांपेक्षा जास्त काळ तशीच राहिली, तर कंपनीची मंजुरी आधी पॉलिसीवर नोंदवून घेतल्याशिवाय विमा त्या मालमत्तेला चिकटून राहत नाही.

अट खरी आहे आणि कडक आहे. ती आहे हे मला माहीतच नव्हतं. एजंटनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पण त्या शब्दापाशी मी अडून बसलो. अनऑक्युपाइड. पॉलिसीत त्याची व्याख्या कुठंच नाही. भाडेकरू नसलेलं, असं लिहिलेलं नाही. मालक राहत नसलेलं, असंही नाही. आपण सांगलीत भाडेकरू गेला की म्हणतो घर मोकळं झालं. त्यात एवढाच अर्थ असतो की आता दुसऱ्याला देता येईल. माणसांचा राबता थांबला, घर ओस पडलं, असा त्याचा अर्थ कुणी घेत नाही. सर्व्हेअरनी मोकळं म्हणून विचारलं, मी मोकळं म्हणून सांगितलं, आणि कागदावर इंग्रजीत तो शब्द अनऑक्युपाइड झाला.

घरात माणसं होती. पेंटर आणि त्याचा भाऊ जत तालुक्यातले, रोज ये-जा परवडत नव्हती म्हणून तिथंच झोपत होते.

१७ ऑक्टोबर, रविवार

कॅलेंडर पुढ्यात घेऊन हिशेब केला.

१३ जून: भाडेकरूनं चावी दिली, आम्ही अनामत परत केली. १ जुलै: पेंटर मुक्कामाला आले. मध्ये १८ दिवस. १७ जुलै: पुट्टी वाळेना म्हणून काम थांबवून आषाढीला गावी गेले, अंथरूण तिथंच ठेवून, "२६ ला येतो" म्हणून. २४ जुलै: पाणी आलं. मध्ये ७ दिवस.

३० दिवस एकदाही भरत नाहीत. हा हिशेब मला तोंडपाठ होता, पण माझ्या तोंडावर कंपनी कशाला विश्वास ठेवील? प्रत्येक तारखेला कागद पाहिजे.

माझ्याकडं आहे ते: १ जुलैचं रंगाच्या दुकानाचं बिल, ५ जुलैला फोनवरून पेंटरला पाठवलेले ८,००० आणि १६ जुलैचे ५,०००. यावरून काम चालू होतं हे दिसतं. मुक्काम दिसत नाही. कंपनी म्हणणार, दिवसा येऊन संध्याकाळी जात असतील.

२३ ऑक्टोबर, शनिवार

दुकानातून सुट्टी घेऊन मोटरसायकलवर पेंटरच्या गावी गेलो. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास झालं. अंगणात खाट टाकून दिली, चहा आला. कारण सांगितल्यावर त्याला वाईट वाटलं. "आमी झोपायलो तवा घर रिकामं कसं म्हणत्यात दादा?"

त्याच्याकडं मजुरीची वही आहे. लाल पुठ्ठ्याची, पेन्सिलनं लिहिलेली. जुलैच्या पानावर १ पासून १६ पर्यंत रोज दोन खुणा, रविवारच्या खान्यात गोल. रविवारी काम नाही, पण गोल कशाला? म्हणाला, "त्या दिवशी काम न्हाय, मुक्काम." शनिवार-रविवारचा लॉकडाऊन होता, बाहेर पडताच येत नव्हतं. दोन रविवार, दोन गोल. मी त्या पानाचे फोटो काढले आणि वही जपून ठेवायला सांगितलं. कुणाची हजेरी खाडाखोड न करता लिहिलेली असली की किती आधार असतो ते त्या पेन्सिलच्या खुणांवरून कळलं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

जुनी लाइट बिलं काढली. भाडेकरू असताना महिन्याला ९० च्या आसपास युनिट. १६ जून ते १६ जुलैचं रीडिंग ४१ युनिट. बंद घरात ४१ युनिट जळत नाहीत. पंखा, दोन बल्ब, पाण्याची मोटर. हा कागद माझ्या मते सगळ्यात भक्कम, कारण तो मी लिहिलेला नाही, पेंटरनं लिहिलेला नाही, आणि रीडिंग पुराच्या आधीचं आहे, तेव्हा दाव्याचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता.

शेजारच्या काकू प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. रात्री दहा-साडेदहापर्यंत पेंटरांचा रेडिओ ऐकू यायचा म्हणाल्या.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागणारा तिसरा मेल आज पाठवला. विमाधारकानं मागितला तर तो द्यावा लागतो.

९ नोव्हेंबर, मंगळवार

अहवाल आला. दोन गोष्टी.

एक, सर्व्हेअरनी नुकसान २,३८,४०० धरलंय. घराच्या वयाप्रमाणं घसारा कापलाय, पेंटरचं सामान वगळलंय, मोटर निम्म्यात धरली आहे. मला कमी वाटतं, पण आकडे कसे आले ते ओळीनं दिलंय. त्यावर भांडणार नाही. ज्या माणसानं नीट मोजलंय त्याच्या मोजणीवर उभं राहिलेलं बरं.

दुसरी गोष्ट फोटो क्रमांक १७. झेरॉक्स काळी-पांढरी, पण आतली खोली ओळखू येते. पुट्टीच्या पिशव्या, गुंडाळलेलं अंथरूण, आणि अंथरुणाशेजारी गाळात रुतलेला तीन खणांचा डबा. मी कागद आईपुढं ठेवला. तिनं चष्मा लावला, कागद उजेडाकडं धरला. "हा माझा डबा." मग उठून स्वयंपाकघरातनं तो घेऊनच आली. झाकणावर तिचं नाव आणि १९८१ साल कोरलंय, लग्नातला. घासून लख्ख केलाय, तरी खणाच्या कडेच्या खोबणीत गाळाची एक तांबूस रेघ राहिलीच आहे.

रोज संध्याकाळी यार्डातनं घरी येऊन मीच तो डबा खणभागात पोचवत होतो. आठ भाकरी, कधी झुणका, कधी आमटी. इतके दिवस पुरावे गोळा करतोय आणि हे कुठं लिहावंसं वाटलं नाही, कारण त्याला पावती नव्हती. कंपनीच्याच सर्व्हेअरच्या फोटोत तो पुरावा तीन महिने पडून होता.

११ नोव्हेंबर, गुरुवार

पेंटर आला. एसटीचा संप, वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, दोन गाड्या बदलून आला. शंभराच्या स्टॅम्पवर त्याचं आणि काकूंचं प्रतिज्ञापत्र, नोटरी केलं. त्याचा दिवसाचा खाडा मी द्यायला लागलो, त्यानं घेतला नाही. प्रवासाचे तेवढे घेतले.

तलाठी कार्यालयातही जाऊन आलो. पंचनामा बदलता येत नाही, ते बरोबर आहे. पण पंचनामा मदतीच्या वाटपासाठी केला होता, असं त्यावर मुळातच छापलेलं आहे. तेवढ्या ओळीखाली रेघ मारून प्रत लावली.

१३ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज पाठवला, मेलनं आणि रजिस्टर पोस्टानं. आयजीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवरही नोंदवला, म्हणजे विमा नियामकाच्या दप्तरी तारीख पडली.

अर्ज दीड पानाचा. आधी सात पानं लिहिली होती. मिरजेतल्या ओळखीच्या वकीलसाहेबांनी साडेपाच पानं काढून टाकली. आईचं आजारपण, आम्ही वेळेवर भरलेले हप्ते, पुरात झालेले हाल, सगळं गेलं. ते म्हणाले, "वाचणाऱ्याला एकच गोष्ट ठरवायचीय, ३० दिवस सलग घर बिनमाणसाचं होतं का. त्याच्या हातात तारखांचं एक पान द्या." त्यांचं बरोबर होतं. मुद्दे तीन ठेवले. घरात १ ते १७ जुलै मुक्काम होता. अनऑक्युपाइडची व्याख्या पॉलिसीत नाही, आणि कंपनीनंच लिहिलेल्या मजकुरात शब्द संदिग्ध असेल तर अर्थ विमाधारकाच्या बाजूनं घ्यायचा हा विमा कायद्यातला जुना दंडक आहे. आणि पूर हा घरात माणूस असल्या-नसल्यानं येत नाही; अट आहे ती चोरी, आग, न दिसलेली गळती अशा वाढत्या धोक्यांसाठी.

वकीलसाहेबांनी आणखी एक सांगितलं. अट मोडली असली तरी सगळा दावा फेटाळण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात म्हटलंय. ते गाडीच्या विम्याचं प्रकरण. हा मुद्दा मी अर्जात घातला नाही. आम्ही अट मोडलेलीच नाही. आधीच ७५ टक्के मागितले तर मोडल्याचं कबूल केल्यासारखं होतं.

६ डिसेंबर, सोमवार

उत्तर आलं. निर्णय कायम. पेंटर हा "निवासी" नव्हे म्हणे. आणि खाली एक नवीन ओळ: नुकसानीची सूचनाही उशिरा दिली.

ही ओळ वाचून राग आला तो खरा. २६ जुलैचा मेसेज त्यांचाच आहे. पाणी घरात असताना मी फोन केला होता. वकीलसाहेब मात्र फोनवर शांत होते. नामंजुरीच्या पत्रात जे कारण नाही ते मागाहून आणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात सांगितलंय, तेही नेमकं उशिराच्याच मुद्द्यावर.

मधल्या काळात २ डिसेंबरला पॉलिसीचं नूतनीकरण केलं, त्याच कंपनीकडं. घर दुरुस्तीअभावी बंद आहे, कुणी राहत नाही, असं अर्जासोबत लेखी कळवलं आणि पोच घेतली. आई म्हणाली, त्यांच्याकडंच कशाला परत? पण दावा चालू असताना मध्ये खंड पडू द्यायचा नव्हता.

१० डिसेंबर, शुक्रवार

आता दोन वाटा. सांगलीतला जिल्हा ग्राहक आयोग, किंवा पुण्याचे विमा लोकपाल. ग्राहक आयोगाला कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत आहे, लोकपालाकडं कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्ष. लोकपालाकडं फी नाही, वकील चालत नाही, २०२१ च्या नियमाप्रमाणं ३० लाखांपर्यंतचा दावा चालतो, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. पटला नाही तर आयोगाची वाट उघडी राहते. उलट आधी आयोगात गेलो तर लोकपालाचं दार बंद. म्हणून आधी पुणे.

तक्रार आईच्या नावानं, नारायण पेठेतल्या कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं गेली. वर तारखांचं एक पान, खाली तेरा कागद, प्रत्येकावर नंबर. फोटो १७ ची रंगीत प्रत कंपनीकडं मागितली होती, ती दिली नाही, म्हणून "ती कंपनीनं हजर करावी" अशी विनंती जोडली.

जानेवारीत संमतीचा फॉर्म आला, भरून पाठवला. बाकी जानेवारी-फेब्रुवारीत काही नाही. घर तसंच आहे. महिना साडेसहा हजार नाहीत. आईनं एक गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केल्याचं मला फेब्रुवारीत कळलं. त्या दिवसापासून औषधं मी आणतो.

२२ मार्च २०२२, मंगळवार

सुनावणी, व्हिडिओवर. हळदीचा हंगाम ऐन भरात, पण मालकांनी विचारलंही नाही, जा म्हणाले. घरी आईला खुर्चीवर बसवलं, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला. कागदांच्या कडांना माझ्या बोटांची हळद लागली होती.

कंपनीच्या अधिकारी बाईंनी त्यांची बाजू नीट मांडली. भाडेकरू गेला, पंचनाम्यात बंद म्हटलंय, मुलानं कबूल केलंय, पेंटर म्हणजे रहिवासी नव्हे. मी तारखांचं पान वाचलं. १८ दिवस, मुक्काम, ७ दिवस. लाइट बिल. वहीतले दोन गोल.

लोकपाल साहेबांनी रंगीत फोटो मागवला होता, तो त्यांच्यापुढं होता. त्यांनी थेट आईला विचारलं, "आजी, घर रिकामं होतं का?"

आई गडबडली नाही. "माणसं झोपत होती साहेब. त्यांच्या भाकरी मी करून देत होते." आणि डबा उचलून मोबाईलपुढं धरला. झाकण चमकत होतं, नाव दिसेना, म्हणून मी तिच्या पदरानं उजेड आडवला. साहेबांनी फोटोकडं बघितलं, पुन्हा इकडं. "झाकणावर काय लिहिलंय?" आईनं वाचून दाखवलं.

मग त्यांनी बाईंना विचारलं, अनऑक्युपाइडची व्याख्या पॉलिसीत कुठं आहे? बाई म्हणाल्या, स्वतंत्र व्याख्या नाही. उशिराचा मुद्दा नामंजुरीच्या पत्रात होता का? नव्हता.

शेवटी कंपनीनं तडजोड म्हणून निर्धारित रकमेच्या ७५ टक्के द्यायची तयारी दाखवली. म्हणजे १,७८,८००. साहेबांनी विचार करायला वेळ दिला. मी माईक बंद केला. आई म्हणाली, "घे की. मिस्त्रीचं तरी भागंल." मला तिची घाई समजत होती. आठ महिने ती वाट बघतेय. पण २५ टक्के कशाचे सोडायचे? अट मोडल्याचे. ती मोडली नाही. तिला एवढंच म्हटलं, "आई, घर रिकामं नव्हतं, हे तूच आत्ता सांगितलंस." ती गप्प बसली, मग मान हलवली. आम्ही नाही म्हणून कळवलं.

रात्रभर बरोबर केलं का, हेच डोक्यात होतं.

१८ एप्रिल, सोमवार

निवाडा पोस्टानं आला. घर अटीच्या अर्थानं सलग ३० दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामं होतं हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. दुरुस्ती-रंगकामासाठी रात्रंदिवस मुक्काम असलेली इमारत अनऑक्युपाइड म्हणता येणार नाही. उशिराचा मुद्दा विचारात घेता येत नाही. सर्व्हेअरनं ठरवलेले २,३८,४०० आणि नियमाप्रमाणं व्याज द्यावं.

बुडालेल्या भाड्याची मागणी फेटाळली. ते योग्यच. त्यासाठी पॉलिसीत वेगळं कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं, आम्ही घेतलेलं नव्हतं.

आईला ओळ न ओळ मराठीत सांगितली. "रात्रंदिवस मुक्काम" हे शब्द तिनं दोनदा म्हणायला लावले.

१२ मे, गुरुवार

कंपनीला ३० दिवसांत पाळावं लागतं. २४ व्या दिवशी आईच्या खात्यावर २,४९,२१८ जमा. व्याज तपासलं: रिझर्व्ह बँकेचा एप्रिलमधला बँक दर ४.२५, त्यावर २, म्हणजे ६.२५ टक्के, शेवटचा कागद दिल्याच्या २० ऑगस्टपासून आजपर्यंत २६५ दिवस, १०,८१८ रुपये. जुळलं.

मिस्त्रीला बयाणा दिला. पावसाच्या आत गिलावा व्हायला पाहिजे.

६ जून, सोमवार

गिलावा झाला, वायरिंग झालं. मीटर या वेळी पाच फुटांवर बसवून घेतला. पेंटर आज आला, भाऊ आणि एक पोरगा बरोबर आहे, तिघं.

कंपनीला पत्र दिलं: दुरुस्तीचं काम चालू, आजपासून घरात तीन माणसांचा रात्रंदिवस मुक्काम, काम संपून भाडेकरू येईपर्यंत घरात कुणी नसेल तर त्याची तारीख वेगळी कळवू, आणि याची नोंद पॉलिसीवर करून द्यावी. सोबत पेंटरच्या आधार कार्डाची प्रत आणि आजच्या तारखेचा खोलीतला फोटो. पोचवर शिक्का घेतला.

आईनं दुपारीच पीठ मळायला घेतलं होतं. संध्याकाळी सात वाजता डबा पोचवला. बारा भाकरी, वांग्याची भाजी.